म्हायारखडपाचं गाऱ्हाणं

"हेम्याऽऽ! नांगर टाकू नको, मेल्या! खडपार टाकू नको!"

लवूतात्या आपल्या एवढ्याशा होडीत उभे राहून दोन्ही हातांनी मला खुणा करत होते. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. माझ्या बोटीत पुण्याहून आलेली आठ माणसं बसली होती. डोळ्यांवर चष्मे, तोंडात नळ्या, पायांत रबरी पंजे. पाण्यात उडी मारून मासे बघायची त्यांना कोण घाई झाली होती. नांगराचा दोर माझ्या हातातून सरसरत गेला आणि खाली काहीतरी खट् करून मोडलं. कानांना ऐकू आलं नाही, पण दोर धरलेल्या हाताला कळलं.

"तात्या, टाकून झालो!" मी ओरडलो. पुणेकर हसले, म्हणून मीही हसलो.

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. आमचं आडवेळ मालवणच्या खाली, समुद्राला पाठ टेकून बसलेलं. किनाऱ्यापासून दीडेक मैलावर पाण्याखाली एक मोठा खडक आहे. भरतीला दोन-अडीच पुरुष पाणी असतं त्याच्यावर. त्याला आम्ही म्हायारखडप म्हणतो. म्हायार म्हणजे माहेर. लेक पहिलटकरीण झाली की जशी माहेरी येते, तशी मासळी अंडी घालायला त्या खडपावर येते, अशी जुन्या माणसांची समजूत. पूर्वी तिथं कोणी जाळं टाकत नसे. गरी टाकायची, म्हणजे एक दोर, एक गळ आणि भरपूर सबुरी. तसं गरवणारे शेवटचे उरले होते लवूतात्या. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सत्तरीला आलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. एखादा गोबरा, दोन तांबोशी मिळाल्या की त्यांची चूल पेटायची, आणि ती सगळी त्या खडपाच्या जिवावर.

त्याच खडपावर दोन वर्षांपासून आम्ही सहा जण पर्यटक नेत होतो. खडपावर रंगीत मासे होते, आणि ज्याला पुस्तकात प्रवाळ म्हणतात तेही होतं. आम्ही त्याला आपलं दगडच म्हणायचो. सहा बोटी, प्रत्येकीच्या दिवसाला तीन-चार फेऱ्या, आणि दर फेरीला एक नांगर. हिशेब कोणी केला नव्हता, तात्यांनी केला होता. कारण त्यांची गरी रिकामी वर यायला लागली होती.

त्या दिवशी ते होडी वल्हवत माझ्या बोटीशी आले. कपाळाला आठ्या, पण आवाज मऊ.

"हेमंता, बाबा, आयक. खडपाच्या अंगाक रेती आसा. थंय एक जड वस्तू टाकूया, तिका पिंप बांधूया. सगळ्यांनी पिंपाक होडी बांधा. नांगराची गरजच नाय."

"आणि सा होडये एकाच टायमाक इले तर? रांग लावची? रेशनाक लावतत तशी?"

"लावा. पावण्यांक तितकीच हवा खाऊक मिळात."

पुण्याची एक बाई कौतुकानं आमचं बोलणं ऐकत होती. आता पाहुण्यांसमोर ऐकून घेणं म्हणजे आपली शोभा, असं मला वाटलं. वय सत्तावीस, नवी बोट, नवा काळा चष्मा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तात्या," मी म्हटलं, "दर्यो काय तुमच्या बापाशीचो आसा?"

तात्या होडीच्या तळाशी पडलेली गरी उगाच गुंडाळत बसले.

परत निघायच्या वेळी माझा नांगर वर येईना. ओढला, डावीकडे घेतला, उजवीकडे घेतला, छे! खाली कुठेतरी रुतून बसला होता. शेवटी एका पुणेकराचा चष्मा घेऊन मी बुडी मारली. पहिल्या दमात जमलं नाही. दुसऱ्या दमात सुटला. वर आलो तेव्हा माझ्या मनगटावर बारीक बारीक ओरखडे होते.

तात्या तिथंच होते. वल्हं आडवं धरून माझ्याकडे बघत.

"काय दिसला रे?"

"काय नाय," मी म्हटलं. "दगड."

त्या रात्री माझ्या बायकोनं, वनितानं, बांगड्याचं तिखलं केलं होतं. माझ्या जिवाचा पदार्थ. मी भात चिवडत बसलो. "पोटात दुखता काय?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं आणि हात धुतला.

जूनमध्ये बोटी वर ओढल्या. पावसाळ्यात आमच्याकडे कामं कमी आणि गप्पागजाली फार. तात्यांनी त्या दिवसांत दोनदा आम्हा सहा जणांना देवळात बोलावलं. पिंपाचा विषय काढला. पहिल्या खेपेला आम्ही चहा पिऊन आलो. दुसऱ्या खेपेला आम्हा सहांतला झिलू सारंग उठला. बोलण्यात हा माणूस कोणाला हार जायचा नाही.

"तात्यांनू, मासो काय आमच्या नांगराक भियाता? मोठ्या बोटी येतत, तळ खरवडून नेतत, तेंका सांगा की!"

"तेंकाय सांगतलंय," तात्या म्हणाले. "पण ते माझा आयकाचे नाय. तुमी माझे. तुमी आयकशात म्हणान तुमका सांगतंय."

झिलू हसला. मग सगळेच हसले. मीही त्यात होतो. तात्या छत्री उघडून घरी गेले.

नारळी पौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडे दर्याला नारळ देतात, आणि नारळ देण्याआधी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चारचौघांत, मोठ्यानं केलेलं बोलणं. एकानं मागायचं आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी 'म्हाराजा' आलं की सगळ्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे त्यावर गावाची सही झाली. गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान् पिढ्या तात्यांच्या घराण्याकडे. आणि पहिला 'व्हय' घालायचं काम माझ्याकडे होतं. त्याला घराणं लागत नाही, नरडं लागतं. माझा आवाज निघाला की मागून गावाचा निघायचा. मला सर्दी झाली त्या वर्षी अख्ख्या गावाचं गाऱ्हाणं मिळमिळीत झालं होतं, असं लोक अजून सांगतात.

तर आम्हा बोटवाल्यांच्या मनात आलं की ह्या वर्षी गाऱ्हाण्यात आमच्या धंद्याचंही नाव यावं. आजवर जाळ्यासाठी, होडीसाठी मागत आलो, मग पाहुण्यांसाठी का नको? पण तात्यांकडे जायचं कोणी? ज्यांना हसलो त्यांच्याच दारात! पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं. पुतण्या ना मी.

गेलो. तात्या अंगणात गरीचा दोर उलगडून तपासत बसले होते. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. पाऊस कसा आहे, गुडघे कसे आहेत, सुरंगीला कळे आले का. सुरंगीला कळे ऑगस्टात येत नाहीत.

"हेमंता," तात्या म्हणाले, "कित्याक इलंस तां सांग."

सांगितलं. तात्यांनी दोराची एक गाठ सोडवली, पुन्हा मारली.

"घालतंय गाऱ्हाणा," ते म्हणाले. "तुमच्या धंद्याचा नाव घेतंय. पण एक काम कर. तू अगदी माझ्या फुडे उभो ऱ्हव. हाताभर अंतरार. माझा काय राहवला नाय आता, आवाज मागे पोचणा नाय. तू नीट आयक, आणि मगे व्हय म्हण."

"तेची काळजी करू नुको," मी म्हटलं. एवढ्या लवकर काम झालं म्हणून मी शीळ घालत घरी आलो. वनितानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तात्यांनी तुमका हसान दाखवल्यानी काय?" मी म्हटलं, नाही, हसले नाहीत. "मगे बरा," ती म्हणाली.

पौर्णिमेला दुपारी चारला सगळा गाव किनाऱ्यावर. ढोल, ताशे, बोटींना आंब्याचे टहाळे. सोनेरी कागद लावलेला नारळ तात्यांच्या हातात. मी त्यांच्यासमोर हाताभर अंतरावर, माझ्या बाजूला झिलू, मागे गाव. ढोल थांबला.

"बा दर्याराजा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जो हो सोन्याचो नारळ तुझ्या पायाशी ठेवतव, तो गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेक, वल्ह्याक, जाळ्याक, गरीक, बायलमाणसांक, पोराटोरांक सुखात ठेव. कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती इडापिडा सात समिंदरापलीकडे घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एकदा लय सापडली की माणूस स्वतःचा राहत नाही. झोपाळ्यावर बसल्यासारखं होतं. तात्या पुढे झोका देतात, आपण मागे येतो.

"ह्या हेमंता कुबलाच्या, ह्या झिलू सारंगाच्या, सगळ्या साय होडयेवाल्यांच्या धंद्याक यश दी. पावणो येवंदे, पोटभर जेवंदे, हसत घराक जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" झिलूनं तर माझ्या पाठीत आनंदानं थाप मारली.

तात्यांनी दम घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि त्याच सुरात, त्याच लयीत म्हणाले,

"आणि ह्या साय जणांनी आज जो तुका शबूद दिल्यानी, की म्हायारखडपाच्या उरार फुडे कधी नांगर टाकूचो नाय, तो शबूद तेंच्याकडसून पाळून घी रे म्हाराजा!"

एरवी तात्यांचा 'म्हाराजा' संपायच्या आत माझा 'व्हय' तोंडातून निघालेला असायचा. ह्या वेळी किंचित उशीर झाला असेल. पण निघाला तो बेंबीच्या देठापासून.

"व्हऽऽय म्हाराजा!"

आणि मागून सगळा गाव, बायका-पोरांसकट: "व्हऽऽय म्हाराजा!"

झिलूचा हात माझ्या पाठीवर होता तो तिथंच गोठला. पण तात्या थांबतात कसले!

"आणि जो कोण नांगर टाकीत, तेचा इंजिन भर दर्यात बंद पडांदे, आणि तेका दाभवेळकरांनी दोर बांधून, वाजतगाजत हंय आणून सोडूंदे रे म्हाराजा!"

ह्या वेळी माझी गरजच लागली नाही. लोकांनी हसत हसत असा 'व्हय' घातला की किनाऱ्यावरचे बगळे उडाले. दाभवेळ म्हणजे खाडीपलीकडचं गाव. त्यांचा आणि आमचा छत्तीसचा आकडा. दाभवेळकरांचा दोर घेण्यापेक्षा आमचा माणूस पोहत घरी येईल.

नारळ पाण्यात पडला, आणि झिलूनं माझा सदरा धरला.

"हेम्या, मेल्या! आयकलंस काय तू? कशाक व्हय म्हटलंस?"

"मी खंय आयकतंय?" मी म्हटलं. "तेंचा म्हाराजा इलो की माझा व्हय येताच!"

"अरे, पण आमी शबूद दिललोच खंय?"

"आता दिलंस," मागून एक म्हातारी म्हणाली. "अख्ख्या गावान आयकला."

झालं. त्या दिवसापासून मी गावाचा खुळा ठरलो. लग्नात, बारशात, कुठेही गेलो की कोणीतरी म्हणणारच, "हेमंताक इचारा, तो कशाकय व्हय म्हणता." सुरुवातीला पाचही बोटवाले माझ्याशी धड बोलत नव्हते. आपणच हात दाखवून अवलक्षण केलं, असं मला तोंडावर सांगत.

दिवाळीनंतर पहिले पाहुणे आले. सहाही बोटी खडपावर पोचल्या आणि सहाही गोल गोल फिरायला लागल्या. इंजिन कोणी बंद करेना, नांगराला कोणी हात लावेना. जत्रेतलं चक्र बरं. "अहो काका, थांबायचं कुठे?" पाहुणे विचारत होते. एका लहान मुलीला उलटी झाली. शेवटी झिलूचा संयम सुटला. त्यानं नांगर उचलला, एकदा झुलवला, दोनदा झुलवला. तेवढ्यात लांब, खाडीच्या तोंडाशी, दाभवेळकरांची एक होडी दिसली. बिचारे आपले मासे मारायला निघाले होते. झिलूनं नांगर हळूच, आवाज न करता, परत बोटीत ठेवला.

दुपारी आम्ही सहा जण तात्यांच्या अंगणात. मान खाली. वनिता माझ्यामागून आली होती, नवऱ्याची फजिती बघायला.

"तात्यांनू," झिलू म्हणाला, "ता पिंपाचा काय तां सांगा आता."

तात्या उठले आणि घराच्या मागच्या पडवीतून एक वस्तू लोटत लोटत घेऊन आले. रगडा. मसाला वाटायचा काळा दगडी रगडा, चांगला मणभर वजनाचा. मधोमध भोक पाडून घेतलं होतं. दोर ओवायला.

"मे महिन्यातच पाडून घेतलंय," ते म्हणाले. "हो तुमच्या काकीचो. लग्नात तिच्या म्हायारसून इललो. ती गेली, मिक्सर इलो, हेका आता कोण इचारता? जांवदे म्हायाराक."

झिलूनं नाक पुसलं. मला तर तात्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण पाच जण बघत होते.

"एका रगड्यान काय व्हतला?" वनिता म्हणाली. "आमच्या मागच्या दारातय एक पडलो हा. वर्षभर कोंबडी बसता तेच्यार."

मग काय! ती घरोघर गेली. बायकांनी वेळ लावला नाही. प्रत्येकीच्या मागीलदारी एक रगडा पडलेला, आणि प्रत्येकीला तो हलवायला माणूस हवा होता. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर अकरा रगडे जमले. भोकं पाडली, साखळी ओवली, वर निळं पिंप बांधलं. तिसऱ्या दिवशी खडपाच्या अंगाला, रेतीवर, अकरा सासुरवाशिणींचे रगडे बुडवले. दोर ओढायला झिलू आणि मी पाण्यात उतरलो होतो. त्यानंतर सहाही बोटी एकामागून एक त्या पिंपाला बांधायला लागल्या. पाहुण्यांना रगड्याची गोष्ट माशांपेक्षा जास्त आवडायची. झिलू ती फार रंगवून सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत पहिला रगडा त्याचा असतो.

मासळी एका दिवसात परत आली नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. मोठ्या बोटी अजून येतात, तळ खरवडतात, त्यांच्याशी भांडण चालूच आहे. पण तिसऱ्या वर्षी तात्यांना एक तांबोशी मिळाली. पाचव्या वर्षी दोन-तीन दिवसांआड काही ना काही मिळायला लागलं. त्यांची चूल पेटत राहिली.

नऊ वर्षं गेली. तात्यांना आता वल्हं झेपत नव्हतं. एक दिवस त्यांनी हट्ट धरला, म्हणून मी त्यांना माझ्या बोटीतून खडपावर नेलं. पाहुणे नाहीत, आम्ही दोघंच. पिंपाला बोट बांधली. तात्यांनी गरी सोडली आणि डोळे मिटून दोर दोन बोटांत धरला. पाऊण तासानं हिसका बसला. मी मदतीला गेलो तर हातावर चापट मारली. वर आला तो गोबरा, चांगला हातभर, पोट टरारलेलं. तात्यांनी पोटावरून बोट फिरवलं.

"गाबोळी आसा," ते म्हणाले, गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडला. "बाळंतपणाक इल्ली. जांवदे."

मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "हेमंता, त्या दिवशी तुझो व्हय उशिरा इलो."

"खंयच्या दिवशी?"

"वेड पांघरू नको. एक श्वास उशीर झालो. मी मोजललंय. माझा काळीज थंयच थांबला हुता. तू गप ऱ्हवलंस असतंस तर गावय गप ऱ्हवलो असतो, आणि मी दर्याफुडे तोंडघशी पडलंय असतंय."

नऊ वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, वनितालासुद्धा नाही. खुळा म्हणवून घेतलं, तेच बरं होतं. त्या दिवशी सांगितलं.

नांगर सोडवायला बुडी मारली तेव्हा खाली नांगराचा दात एका मोठ्या प्रवाळात घुसला होता. परातीएवढं, पसरट. मधून दुभंगलं होतं, आणि मोडलं तिथं आत पांढरंशुभ्र. त्या मोडक्या तुकड्यावर मोहरीपेक्षा बारीक अंडी चिकटलेली होती, आणि त्यांच्यावर पहाऱ्याला एक मासा. केवढा? माझ्या अंगठ्याएवढा. मी हात घातला तर तो सरळ माझ्या मनगटावर धावून आला. चावला. मागे गेला, परत आला, परत चावला. मी एवढा धिप्पाड माणूस, वर आठ पाहुणे, बोटीला इंजिन, आणि तो अंगठ्याएवढा मासा मला घरातून हाकलत होता. दम संपला म्हणून मी वर आलो. दुसऱ्या बुडीला तो तिथंच होता. मी नांगर काढला तेव्हा उरलेला तुकडाही निसटून खाली गेला, अंड्यांसकट, आणि तो मासा त्याच्यामागून.

"आणि वर इलंय," मी म्हटलं, "तर तुमी इचारलास, काय दिसला? आणि मी म्हटलंय, दगड."

गरीचा दोर तात्यांनी नीट गुंडाळून ठेवला.

"पाण्यातसून तुझा तोंड वर इला, तेव्हाच माका कळला," ते म्हणाले. "म्हणान तर तुका फुडे उभो केलंय. चारचौघांत माझा आयकाक तुका लाज वाटली असती. म्हटलंय, देवाच्या नावान आयकात." मग माझ्याकडे वळून, म्हातारे डोळे बारीक करून म्हणाले, "म्हणजे सगळा आयकान, समजानच म्हटलंस?"

मी बोटीच्या कडेवरून खाली बघितलं. निळं पिंप हलत होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. ह्या खेपेला अगदी हळू.